मेघशय्येवर जीव जडलेले लोक

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तुझ्या पाठीची हकिगत ऐकल्यापासून आडवं होण्याशी संबंधित कुठलाही शब्द तुला लिहिताना हात कचरतो. तेव्हा हा नमस्कार मी उभ्याउभ्याच घातला असं समज.) काकांची तब्येत कशी आहे? ते अजून गादीच्या मधल्या खड्ड्यातच झोपतात, की त्यांनाही तू बाहेर सोफ्यावर बोलावून घेतलंस? माझं म्हणशील तर बरं चाललंय. बरं म्हणजे खातो, पितो आणि उरलेला सगळा वेळ माझ्याहून जास्त पगाराच्या आणि कमी अकलेच्या माणसांसमोर मान हलवतो.

तू फोनवर दोन प्रश्न विचारलेस आणि वर 'फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस, लेखी कळव' अशी तंबी दिलीस, म्हणून हा पत्रप्रपंच. पहिला प्रश्न, मी दिवसभर नेमकं करतो काय. दुसरा, तुझ्या गादीचं काय झालं. आमची कन्सल्टन्सी एका गादी कंपनीला सल्ले विकते हे कळल्यावर 'भाच्याच्या ओळखीचे लोक' म्हणून तू त्यांचीच 'मेघशय्या' घेतलीस, ती वर्षाच्या आत मधोमध बसली, दुकानवाले दाद देईनात, आणि आता मी कंपनीच्या प्रमुखांना समोरासमोर सांगून ती बदलून घ्यावी, ही तुझी मागणी. मागणी रास्त आहे. मी शब्दही दिला होता. काल हे प्रमुख स्वतः आमच्या ऑफिसात यायचे होते, म्हणजे संधीही घर शोधत आली होती. तेव्हा कालचा अख्खा दिवसच तुला सांगतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

आधी एक खुलासा. शेजारच्या निवृत्त बाईंना तू मी शास्त्रज्ञ असल्याचं सांगितलंयस, आणि मागच्या खेपेला त्यांनी मला जिन्यात गाठून ग्रहणाबद्दल विचारलं. आत्या, 'डेटा सायंटिस्ट' ह्या हुद्द्यात शास्त्र तोंडी लावण्यापुरतंच असतं. शास्त्रज्ञ आधी पुरावे बघतो आणि मग शोध लावतो. आमच्याकडे शोध आधी लागलेला असतो, गिऱ्हाइकाला सांगूनही झालेला असतो, आणि मग पुरावा आणायला मला पाठवतात. ह्याशिवाय दिवसाचा मोठा भाग मी आकडे धुतो. हो, धुतोच. दुकानादुकानांतून आमच्याकडे जी माहिती येते तिच्यात एका गिऱ्हाइकाचा जन्म पुढच्या वर्षी व्हायचा असतो, तरी त्याने डबलबेडची गादी घरी नेलेली असते. एका दुकानात झाडून सगळ्या माणसांचं नाव 'गिऱ्हाईक' आहे. एकाच्या फोन नंबराच्या जागी 'नंतर देतो म्हणाले' असं लिहिलेलं आहे. हे सगळं घासून पुसून ठेवणं म्हणजे माझं शास्त्र. (बाबांना सांगू नकोस. माझ्या पदवीच्या समारंभाला त्यांनी नवा कोट शिवला होता.)

तर काल सकाळी नेहमीप्रमाणे उभी बैठक झाली. बैठक आणि तीही उभी, हे वाचून तू भुवया चढवशील, पण आमच्याकडे रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि काल काय केलं, आज काय करणार, हे एकेक करून सांगतात. पाय दुखले की माणसं कमी बोलतील, अशी त्यामागे कल्पना आहे. ज्याने ही कल्पना काढली त्याने आमचे साहेब पाहिलेले नसावेत. साहेबांना आम्ही आपसात 'थोडक्यात' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'थोडक्यात सांगायचं तर' असं सुरू होतं आणि मग ते संपण्याची वाट बघत आपण म्हातारे होतो. आयुष्यात त्यांनी एकही दुकान चालवलेलं नाही, पण दुकानं कशी चालवावीत हे ते जगभरच्या दुकानदारांना शिकवतात. आपल्याकडे अशाला उंटावरचा शहाणा म्हणतात. इथे त्या उंटाला कंपनीकडून पेट्रोलही मिळतं.

काल थोडक्यातांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की प्रमुख दुपारी येणार, त्यांना 'ग्राहकांचं प्रेम' ही स्लाइड दाखवायची, आणि तिच्यातली चौकट अजून रिकामी आहे. ही स्लाइड म्हणजे काय ते तुला समजलं पाहिजे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आपले ग्राहक आपल्यावर प्रेम करतात'. मध्ये हसऱ्या कुटुंबाचं चित्र. (नवरा-बायको, मुलं आणि कुत्रा, सगळे एकाच गादीवर. तुमच्या मेघशय्येवर हे बसले असते तर एव्हाना कुत्रा सगळ्यांच्या खाली गेला असता.) आणि उजवीकडे एक चौकट, जिच्यात किती प्रेम करतात त्याचा आकडा टाकायचा. मथळा ठरलेला, चित्र विकत घेतलेलं, प्रमुखांना ते आवडलेलंही. राहिलं काय, तर खरं की खोटं तेवढं बघायचं. आधी कळस मग पाया म्हणतात ना, ते ह्यांनी व्यवसायाचं ब्रीद म्हणून भिंतीवर लावायला हरकत नाही.

आता तूच सांग, गादीवाल्यावरचं प्रेम मोजायचं कसं? साबणावरचं मोजता येतं. माणूस दर महिन्याला तोच साबण आणतो. गादी एकदा घेतली की माणूस मुलांची लग्नं होईपर्यंत त्या दुकानाकडे फिरकत नाही. मी बापडा तसं प्रामाणिकपणे म्हणालोही, की साहेब, दुसऱ्यांदा खरेदी करणारं गिऱ्हाईक जवळपास नाहीच, तेव्हा प्रेम दिसत नाही. त्यावर थोडक्यातांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू प्रेम मीच कुठेतरी सांडून आलोय. मग म्हणाले, खरेदी कशाला मोजतोस, भेटी मोज. दुकानात जो परत परत येतो त्याचा जीव जडलेला असतो. जीव नसता तर कोण आलं असतं?

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा रंगारी तर 'वा' म्हणाला. (रंगारी हा त्याचा हुद्दा नव्हे, हुद्दा माझ्याहून लांबलचक आहे. पण तो दिवसभर स्लाइडी रंगवतो, आणि मागच्या आठवड्यात तर त्याने निळा घ्यावा की जरा जास्त निळा घ्यावा ह्यावर दोन सभा भरवल्या.) मी जागेवर येऊन भेटींचा तक्ता उघडला. प्रत्येक भेटीपुढे कोण आलं, कुठल्या दुकानात आलं आणि कुठली गादी घेतलेली आहे, एवढं लिहिलेलं होतं. शिवाय शेवटी एक रकाना होता, 'येण्याचं कारण'. तो मी वाचायला लागलो. मधोमध खड्डा. मधोमध खड्डा. स्प्रिंग टोचते. मालकाला बोलवा म्हणतात. मधोमध खड्डा, आरडाओरडा केला. परत तेच. आत्या, परत परत येणारा एकूण एक माणूस भांडायला आलेला होता! ज्याची गादी चांगली लागली तो घरी सुखाने घोरत पडलाय, त्याची दुकानात एकही भेट नाही, म्हणजे आमच्या हिशेबाने तो निष्ठुर. आणि ज्याची पाठ मोडली तो चार-चारदा हेलपाटे घालतोय, म्हणजे तो प्रेमात पार बुडालेला.

हे घेऊन मी धावत थोडक्यातांकडे गेलो. तू माझ्याबद्दल काहीही म्हण, पण मी गेलो हे लक्षात ठेव. त्यांनी तो रकाना वरपासून खालपर्यंत बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, हा फार अस्वच्छ डेटा आहे. प्रत्येक दुकानाने वेगवेगळ्या भाषेत लिहिलंय. अशाने विश्लेषणाची शिस्त बिघडते. काढून टाक. रंगारी मागून म्हणाला, तक्रारींना लाल रंग द्यावा लागेल आणि लाल रंग त्या कुटुंबाच्या चित्राशी जुळत नाही. झालं! पाठी मोडलेली माणसं त्या एका रकान्याबरोबर पुसली गेली आणि शिल्लक राहिलं ते निव्वळ प्रेम. मी काय करणार? माझी उमेदवारी अजून संपलेली नाही, मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते कालच्या कामगिरीवरच ठरणार होतं. मूग गिळले. मुगाचं एक बरं असतं, सवय झाली की ते घशात अडकत नाहीत.

दुपारी प्रमुख आले. आमच्या सभेच्या खोल्या काचेच्या आहेत आणि त्यांना सद्गुणांची नावं दिलेली आहेत, बहुधा दुसरीकडे कुठे सापडत नाहीत म्हणून. आम्हाला 'धैर्य' हवी होती, पण ती दिवसभर कुणीतरी अडवून ठेवली होती, म्हणून सभा 'पारदर्शकते'त भरली. (हिच्या काचा दुधी आहेत. आतलं काही दिसत नाही.) प्रमुख म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. बसला तरी खुर्चीला पाठ टेकवत नाही. मला तेव्हाच शंका आली की ह्याने स्वतःच्या कारखान्यातल्या गादीला जन्मात पाठ लावली नसणार. थोडक्यातांनी थोडक्यात प्रस्तावना केली, तेवढ्यात कॉफी दोनदा निवली. मग माझी स्लाइड आली. चौकटीत भलामोठा आकडा आणि खाली माझा आलेख, कुठल्या गादीवर लोकांचं किती प्रेम आहे ते दाखवणारा. सगळ्यांत उंच खांब कुणाचा असणार ते तुला सांगायला नको. मेघशय्येचा. बाकीच्या गाद्या तिच्या गुडघ्यालाही लागत नव्हत्या.

प्रमुखांचे डोळे पाणावले. खोटं सांगत नाही. म्हणाले, ही गादी बंद करावी असं कारखान्यातले लोक मला सांगत होते, पण माझं मन सांगत होतं की लोकांना ती आवडते. आज तुम्ही ते सिद्ध केलंत. आणि तिथल्या तिथे त्यांनी मेघशय्येचं उत्पादन दुप्पट करायचं ठरवलं.

आत्या, हीच ती वेळ होती. तुझी आठवण मला तेव्हा आली नाही असं समजू नकोस. मी उभा राहिलो. घसा साफ केला. 'साहेब, ह्या मेघशय्येबद्दल मला एक सांगायचं होतं', इथपर्यंत वाक्य तोंडातून बाहेरही पडलं. तेवढ्यात थोडक्यातांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या आयुष्यातलं एकमेव खरोखर थोडक्यात वाक्य बोलले: 'हे सगळं ह्याचंच डोकं.' प्रमुखांनी उठून माझा हात हातात घेतला. त्यांचा हात फार मऊ होता. आणि मी म्हणालो, 'एवढंच सांगायचं होतं, की मेघशय्येसाठी काम करायला मिळालं हे माझं भाग्य.' हे वाक्य कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या घराण्यात असं कुणी बोलत नाही.

इथेच संपलं असतं तर मी तुला 'प्रमुख भेटले नाहीत' असं सरळ थाप मारून कळवलं असतं. पण प्रमुखांना आता भरतं आलं होतं. ज्या माणसाचं आपल्यावर सगळ्यांत जास्त प्रेम आहे त्याला मला भेटायचंय, म्हणाले. मी संगणकात बघितलं. नाव नव्हतंच, ते त्याच 'गिऱ्हाईक'वाल्या दुकानातलं होतं. मग प्रमुखांनी त्या दुकानाच्या मॅनेजरला सगळ्यांसमोर फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडे मेघशय्येसाठी सारखं कोण येतं? मग बारीक आवाजात मॅनेजर म्हणाला, 'त्या बाई का साहेब?'

'कशा आहेत त्या?' प्रमुखांनी प्रेमाने विचारलं.

'उंच आहेत. पांढरे केस. येताना स्वतःची उशी घेऊन येतात आणि माझ्या खुर्चीत बसतात. बंद करायची वेळ झाली तरी उठत नाहीत. मला अरे बाळा म्हणतात.' मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, 'मागच्या वेळी म्हणाल्या, तुझा मालक आल्याशिवाय मी मरायचीसुद्धा नाही.'

प्रमुखांनी छातीवर हात ठेवला. त्या मॅनेजरला बिचाऱ्याला खरं सांगायचं होतं की नाही देव जाणे, पण मालकापुढे त्याचीही अवस्था माझ्यासारखीच, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रंगारी पुटपुटला, उशी घेऊन येतात, किती गोड. आणि मी टेबलाची कड घट्ट धरून उभा होतो, कारण अख्ख्या जगात स्वतःची उशी काखोटीला मारून परक्याच्या खुर्चीत ठाण मांडणारी एकच बाई मला माहीत आहे आणि मी तिच्याच मांडीवर लहानाचा मोठा झालो. तुझी चिकाटी बघून माझी छाती अभिमानाने फुगली असती, पण ती त्या वेळी धडधडण्यात गुंतली होती.

तर असा माझा दिवस जातो. हा काही खास वाईट दिवस नव्हता, असेच असतात. जे स्वतः कधी झोपले नाहीत ते झोपेवर बोलतात, ज्यांनी काही मोजलं नाही ते मापं ठरवतात, आणि ज्याला सगळं दिसतं तो दुधी काचेआड मान हलवत बसतो. तूच मला लहानपणी सांगायचीस, की लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्या पाषाणांनी एक कंपनी काढली आहे, आणि सकाळी मला तिथे वेळेवर पोचावं लागतं.

काकांना नमस्कार सांग. पाठीला शेक चालू ठेव, जड काही उचलू नकोस, आणि माझ्यावर फार रागावू नकोस. तुझ्या धाकट्या लेकीला आशीर्वाद. तिला संख्याशास्त्र घ्यायचंय म्हणालीस, तिला म्हणावं, आधी मला भेट.

तुझा,
भाचा

ता.क. खरं काम राहिलंच. येत्या शनिवारी सकाळी प्रमुख तुमच्या घरी येत आहेत. (मॅनेजरकडे तुझा पत्ता होता. तूच त्याच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून आली होतीस म्हणे, 'मालकाला दे' म्हणून.) बरोबर थोडक्यात असतील, रंगारी असेल आणि एक फोटोग्राफर. 'आमची सर्वांत निष्ठावान ग्राहक' म्हणून तुझा सत्कार करणार आहेत. आत्या, तू माझी लाडकी आत्या आहेस. काहीही बोलू नकोस. नुसतं हस.

ता.ता.क. ते भेटवस्तूही आणणार आहेत. ती काय आहे हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी दारात तुझा तोल जायला नको. ती एक नवी मेघशय्या आहे. फोटो तिच्यावर आडवं पडून काढायचा आहे. एवढं निभावून ने.

आणखी एक. पत्र पाकिटात घालायच्या आधी वरचं सगळं परत वाचलं, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मला काल संध्याकाळीच कायम केलं. 'ग्राहकप्रेम' असा एक नवा विभाग काढलाय आणि त्याचा प्रमुख मी आहे. तेव्हा हे पत्र काकांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, आणि थोडक्यातांबद्दल जे लिहिलंय ते तसं मनापासून नाही. आता आमच्या खोल्या शेजारी शेजारी असणार आहेत.

शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. तू फोनवर म्हणालीस ते कानातून जात नाही, 'कुशीवर वळायचं तर काकांना हाक मारावी लागते रे.' मला फार लाज वाटते आहे, आत्या. त्या सभेत तुझ्यासारखं एक माणूस असतं तर हे सगळं झालंच नसतं. तेव्हा वरचं सगळं खोडलं असं समज. शनिवारी फोटोला तू मुळीच आडवी पडू नकोस. त्या प्रमुखांनाच प्रेमाने म्हण, 'तुम्ही दमून आलात, जरा टेका आमच्या गादीवर.' जुन्या गादीवर, बरोबर मधल्या खड्ड्यावर. ते आत गेले की त्यांना उठता येणार नाही. मग खुर्ची ओढून समोर बस आणि सावकाश, पहिल्यापासून, सगळं सांग. त्या रकान्यात होतं तेही सांग, बाकीच्या सगळ्यांच्या वतीने. ते ऐकतील, त्यांना दुसरं काही करताच येणार नाही. फक्त मी तुझा कोण लागतो ते मात्र बोलू नकोस. आणि त्यांनी विचारलंच, तर सासरचं आडनाव सांग, माहेरचं नको.